उपकाराचा सातबारा

डब्लिनच्या दक्षिण भागात एल्म पार्क नावाची जागा आहे. तिथल्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या आवारातला जमिनीचा एक तुकडा आयर्लंड सरकारनं २९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घ्यायचं ठरवलं. भाडं वर्षाला १० युरो, म्हणजे दोन-तीन कॉफीचे पैसे. त्या तुकड्यावर लोकांच्या करातून देशाचं नवं राष्ट्रीय प्रसूतिगृह उभं राहणार, आणि सातबारा मात्र एका खासगी धर्मादाय कंपनीच्या नावावर राहणार. (तिकडे सातबारा नसतो; पण मराठी माणसाला जमिनीचं दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगायचं?) त्या कंपनीला ही मालमत्ता मिळाली ती 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाकडून. प्रसूतिगृह इथं हलवायचं हे २०१३मध्ये जाहीर झालं. २०१७मध्ये ते धर्मभगिनींच्या मालकीचं होणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले, लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या आणि त्याच मे महिन्यात धर्मभगिनींनी रुग्णालयातून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. त्याला व्हॅटिकनची मान्यता यायला २०२० उजाडलं. १७ मे २०२२ रोजी मंत्रिमंडळानं व्यवहाराला मंजुरी दिली. या नऊ वर्षांत त्या विषयावर जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं माझ्या मते चुकीच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

एक बाजू म्हणत होती, ननना हाकला म्हणजे रुग्णालय स्वच्छ होईल. दुसरी म्हणत होती, ज्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं गरिबांची मलमूत्र काढली त्यांच्याशी हा कृतघ्नपणा आहे. दोघांचाही वाद चालला होता तो धर्मभगिनींच्या चारित्र्यावर: त्या संत होत्या की सैतान? हा खटला कधी संपणारच नाही, कारण दोन्हीकडे साक्षीदार भरपूर आहेत. मला यात वेगळं म्हणायचं आहे. उपकार केला म्हणून सातबाऱ्यावर नाव लागत नाही. लोकांच्या पैशानं उभं राहणारं रुग्णालय लोकांच्याच मालकीचं असलं पाहिजे. पण नुसतं उताऱ्यावरचं नाव बदलल्यानं उपकाराची रीत जाते असंही आयर्लंडच्या इतिहासात दिसत नाही. खाटेवरचा माणूस तिथं कोणाच्या तरी मेहेरबानीनं आलेला आहे की स्वतःच्या हक्कानं, आणि काही बिघडलं तर त्यानं जाब कोणाला विचारायचा, हा खरा प्रश्न आहे. आपल्या भाषेत दान आणि धर्म 'धर्मादाय' या एकाच शब्दात संसार करतात, त्यामुळे हा घोळ आपल्याला तरी ओळखीचा वाटायला हरकत नाही.

आधी या इतिहासाचं जे थोर आहे ते मान्य करू, कारण ते खरोखरच थोर आहे. १७१८मध्ये डब्लिनच्या सहा शल्यवैद्यांनी कुक स्ट्रीटवर एक घर घेऊन गरिबांवर फुकट उपचार सुरू केले. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या लोकवर्गणीवर चालणाऱ्या रुग्णालयांची ही अगदी सुरुवात. डॉ. रिचर्ड स्टीव्हन्स १७१० साली वारले आणि त्यांची इस्टेट बहिणीच्या, ग्रिझेलच्या, हयातीनंतर रुग्णालयासाठी ठेवून गेले. बाईंनी मरेपर्यंत थांबायचं नाकारलं, स्वतःच बांधकामाला लागल्या, आणि १७३३मध्ये रुग्णालय उघडलं. बार्थोलोम्यू मॉस या प्रसूतिवैद्यानं तळघरांतून, ओल्या फरशीवर बाळंत होणाऱ्या बायका पाहिल्या आणि १७४५मध्ये जॉर्जेस लेनमध्ये गरीब बायांसाठी प्रसूतिगृह काढलं. पैसे कमी पडले तेव्हा लॉटरी काढली, नाटकं केली, संगीताच्या मैफली भरवल्या, श्रीमंतांना फिरायला बगिचा केला आणि त्या बगिच्याच्या तिकिटांवर १७५७मध्ये रोटंडाची देखणी इमारत उभी केली. दोन वर्षांनी गृहस्थ गेले, डोक्यावर कर्ज ठेवून. रोटंडा आजही चालू आहे.

आणि १३ एप्रिल १७४२. फिशॅम्बल स्ट्रीटच्या सभागृहात हँडेल या संगीतकाराची 'मसाया' ही धार्मिक संगीतरचना जगात पहिल्यांदा गायली गेली ते धर्मादाय कामासाठी: कर्जापायी तुरुंगात सडणारे कैदी, मर्सर रुग्णालय आणि ती कुक स्ट्रीटवरून निघालेली इन्फर्मरी. गर्दी इतकी होणार होती की बायकांना घेराचे झगे आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायची विनंती करण्यात आली होती. त्या पैशातून १४२ कैदी सुटले असं सांगतात. त्याच वर्षी जानेवारीत सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट आपल्या गायकांना असल्या 'फिडलवाल्यांच्या' कार्यक्रमात गायला परवानगी देणार नाही म्हणून अडून बसले होते. पुढं ते निवळले. स्वतः स्विफ्टनी मरताना जवळचा पैसा मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी ठेवला आणि वर आपल्याच कवितेत टोमणा मारला, की या देशाला अशा इस्पितळाची जितकी गरज आहे तितकी दुसऱ्या कुठल्याच देशाला नाही. दान करणारा माणूस गोडच असतो असं कोण म्हणतं?

हे सगळं वाचताना ऊर भरून येतो. मग एक बारीकशी गोष्ट लक्षात येते. हे दाते जवळजवळ सगळे प्रॉटेस्टंट, आणि खाटांवरचे गरीब बहुतांश कॅथलिक. त्याच काळात कॅथलिकांना जमीन खरेदी करण्यावर, सरकारी पदांवर, संसदेवर बंदी होती. ज्या वर्गाच्या हातात कायदा होता त्याच वर्गाच्या हातात दानाची थैली होती. माणसाला गरीब ठेवणारी व्यवस्था आणि त्याच्या जखमेवर मलमपट्टी करणारी व्यवस्था एकाच क्लबात जेवायला बसत होती. म्हणून ग्रिझेल स्टीव्हन्स खोट्या ठरत नाहीत, मॉसही नाही. पण त्यांच्या रुग्णालयात कोणाला घ्यायचं हे ठरवणारं मंडळ वर्गणीदारांचं असे, आणि ज्याच्यावर उपचार होत त्याला त्या मंडळात काडीचंही स्थान नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. त्याचा तिथं हक्क नव्हताच.

याला उत्तर म्हणून कॅथलिक दान उभं राहिलं, आणि आजच्या भांडणातल्या धर्मभगिनी त्या उत्तरातून आल्या. कॉर्कमध्ये १७८७ साली जन्मलेल्या मेरी एकनहेड यांनी १८१५मध्ये आपला संघ स्थापला. १८३२च्या कॉलऱ्यात त्यांच्या सहकारी ग्रँजगॉर्मनच्या तात्पुरत्या इस्पितळात रोग्यांत वावरल्या. १८३४मध्ये त्यांनी सेंट स्टीव्हन्स ग्रीन या डब्लिनच्या सर्वांत उच्चभ्रू चौकातला एका उमरावाचा वाडा घेऊन तिथं गरिबांसाठी सेंट व्हिन्सेंट रुग्णालय उघडलं. कोणत्याही धर्माच्या रोग्याला दार मोकळं. कॅथलिकांना संसदेत बसायला मुभा मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती. बायकांनी काढलेलं, बायकांनी चालवलेलं रुग्णालय, तेही सरदारांच्या वाड्यात! पुढं १८६१मध्ये सिस्टर्स ऑफ मर्सीनी मेटर रुग्णालय उघडलं. या स्त्रियांनी पगार घेतला नाही, संसार केला नाही, पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. 'कृतघ्नपणा' हा शब्द वापरणाऱ्यांच्या मनात हे चित्र असतं, आणि ते खोटं नाही. त्याला हसून उडवून लावणारा पुरोगामी मला त्या जमान्यातल्या वर्गणीदारापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. दोघांनाही त्या बाया दिसलेल्याच नसतात.

दुसरा मुद्दा याहून भक्कम आहे. दानाला पर्याय म्हणून जे 'सरकार' तुम्ही पुढं करता, त्याचा अनुभव आयरिश गरिबाला कसा आला? १८३८मध्ये ब्रिटिश संसदेनं आयर्लंडला गरीब-कायदा लावला, देशाचे १३० भाग पाडले आणि प्रत्येकात एक वर्कहाउस. मदत हवी तर घर सोडून आत या, नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मुलं तिसरीकडे. आतलं जिणं बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षा सुखाचं होता कामा नये. मग १८४५मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. १८४६-४७च्या हिवाळ्यात सरकारनं दुष्काळी कामं काढली. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको: उपाशी माणसं, खडी, अर्धवट सोडलेले रस्ते. मार्च १८४७मध्ये सात लाखांवर लोक त्या कामांवर होते. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी स्वतःच्या पैशानं रस्सा शिजवून वाटायला सुरुवात केली, तेव्हा कुठं सरकारला सुचलं, आणि त्या उन्हाळ्यात रोज सुमारे तीस लाख माणसं सरकारी कढईवर जगली. म्हणजे जमत होतं! पण शरद ऋतू येता येता कढया बंद करून सगळा भार पुन्हा गरीब-कायद्यावर टाकला, आणि वर अट घातली की पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. जमीन सोडा, मग जेवा. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली.

लंडनमध्ये बसून या मदतीच्या नाड्या आवळणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी बंगालमध्ये नोकरी करून गेलेले आणि पुढं मद्रासचे गव्हर्नर झालेले. फुकट दिलं की माणूस बिघडतो, हा सिद्धांत आयर्लंडपुरता राहिला नाही. १८७७च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या दुष्काळी कामांवर मजुराला दिवसाला एक पौंड धान्यावर बेतलेली मजुरी पुरे असं ठरवलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज लिहावे लागले. तेव्हा 'सरकार आलं की न्याय आला' असं डब्लिनच्या मोर्च्यातल्या तरुणीनं म्हटलं, तर मेयो परगण्यातल्या तिच्या खापरपणजीनं कपाळावर हात मारला असता. वर्कहाउस सरकारीच होतं. तिथला उतारा अगदी स्वच्छ होता.

इथवर सगळं मान्य केलं. मग माझ्या म्हणण्यात उरलं काय?

हे उरलं, की दान आणि सरकार ही एकमेकांविरुद्धची दोन टोकं आहेत असं समजून आपण बोलतो, आणि आयर्लंडमध्ये ती तशी कधीच नव्हती. दोघांची रीत एकच होती: आधी माणसाची लायकी तपासायची, मग मदत. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे तिकीट. खेडोपाडीचे दवाखाने आधी स्थानिक जमीनदारांच्या वर्गणीवर चालत. १८५१च्या कायद्यानं ते गरीब-कायद्याच्या यंत्रणेकडे आले, म्हणजे सरकारी झाले. पण डॉक्टरकडे जायचं तर गरीब-कायद्याचा स्थानिक कारभार बघणाऱ्या पालक-मंडळातल्या कोणाच्या किंवा वॉर्डनच्या हातून तिकीट आणावं लागे: दवाखान्यात जायला काळं, डॉक्टरला घरी बोलवायला लाल. लाल तिकिटाला लोक 'स्कार्लेट रनर' म्हणत. पोराला मध्यरात्री ताप भरला की बापानं आधी गावातल्या दुकानदाराचं किंवा मोठ्या शेतकऱ्याचं दार ठोठवायचं, कारण तिकीट त्याच्याकडे. त्याची उधारी थकलेली असली तर? मागच्या निवडणुकीत त्याच्या विरोधात मत दिलेलं असलं तर? ब्रिटिश गेले, स्वतंत्र राज्य आलं, प्रजासत्ताक झालं, आणि ही दवाखान्यांची पद्धत १९७२पर्यंत चालली. वर्गणीदार जाऊन अधिकारी आला, झेंडा बदलला, तिकीट राहिलं. आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, काय ही जुनी पद्धत! त्यानं जरा आठवून पाहावं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या असतात, आणि त्या खाटेपर्यंत पोचायला तहसीलदाराचा दाखला नाहीतर रेशनकार्ड लागतं. शिवाय खाट रिकामी आहे की नाही हे सांगणारा माणूस काउंटरच्या पलीकडचा. आपल्या तिकिटाचा रंग तेवढा वेगळा.

आता पैशाकडे येऊ, कारण 'आम्ही बांधलं' या दाव्याचा पाया तिथं आहे. विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत ही लोकवर्गणीची रुग्णालयं बुडायला आली होती. जुने दाते गेले, इंग्रज गेले, नव्या राज्याकडे पैसा नव्हता. मग १९३०मध्ये कायदा करून घोड्यांच्या शर्यतींवरची एक अजस्र लॉटरी सुरू करण्यात आली, 'आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेक'. पहिली सोडत मँचेस्टरच्या नोव्हेंबरातल्या शर्यतीवर. गणवेशातल्या नर्सेस पिंपातून चिठ्ठ्या उचलतात आणि जगभर त्याचे फोटो छापून येतात, असा तो थाट. तिकिटं खपत मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत, जिथं ती विकणं बेकायदा होतं. म्हणजे परदेशात चोरून विकलेल्या जुगारावर धर्मादाय रुग्णालयांच्या इमारती चढत होत्या. मॉसच्या बगिच्याची ही वारसदार म्हणायची. फक्त मॉस कर्जात मेला आणि या लॉटरीचे चालक गबर झाले. गोळा होणाऱ्या पैशातला किती थोडा हिस्सा रुग्णालयांपर्यंत पोचतो हे १९७३मध्ये एका पत्रकारानं उघड केलं, तेव्हा देशाला धक्का बसला. १९८७मध्ये ती बंद पडली. आणि इमारतींनंतर रोजचा खर्च? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो सरकारी तिजोरीतूनच आला. आज या लोकवर्गणीतून निघालेल्या 'स्वेच्छा' रुग्णालयांतले डॉक्टर-नर्स सार्वजनिक नोकरांतच मोजले जातात. मेरी एकनहेड यांचा वाडा हे दान होतं, वादच नाही. पण १९७०मध्ये रुग्णालय त्या चौकातून एल्म पार्कला आलं तोवर दात्याच्या जागी करदाता कधीच येऊन बसला होता. फक्त पाटीवर त्याचं नाव नव्हतं.

हीच ती जागा जिथं उपकार आणि हक्क एकदा समोरासमोर आले, आणि मला वाटतं आयर्लंडचं सगळं भांडण त्या एका प्रसंगातून समजून घ्यावं. १९४८मध्ये नोएल ब्राउन आरोग्यमंत्री झाले. आई-वडील क्षयानं गेलेले, स्वतःला क्षय झालेला, शिक्षण डब्लिनच्या एका सधन डॉक्टर कुटुंबाच्या मदतीनं झालेलं. उपकाराची चव या माणसाला ठाऊक होती. त्यांनी स्वीपस्टेकचा साठलेला निधी धडाधड मोडून क्षयरोग्यांसाठी खाटा उभ्या केल्या. मग त्यांनी 'माता-बालक योजना' आणली: गरोदर स्त्रीला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाला मोफत उपचार, उत्पन्नाची चौकशी न करता. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. बिशपांनी आणि डॉक्टरांच्या संघटनेनं योजनेला विरोध केला. डॉक्टरांची भीती उघड होती, खासगी पेशंट जाणार. बिशपांचे आक्षेप अनेक होते: मुलांचं आरोग्य ही आईबापांची जबाबदारी, सरकारी डॉक्टर बायकांना भलतंच काही शिकवतील. पण १९५०च्या ऑक्टोबरात त्यांनी सरकारला लिहिलेल्या पत्रात एक युक्तिवाद आहे, तो नीट वाचावा. दहा टक्के गरजूंना मदत करायची म्हणून सगळ्या समाजावर सरकारी वैद्यकसेवा लादणं हे योग्य धोरण नव्हे, असा त्याचा मथितार्थ. गरजूंना द्या ना! त्यांना कोण नको म्हणतंय? फक्त आधी ते गरजू आहेत हे तपासा.

ब्राउन त्यावरच अडले. कारण ज्या क्षणी तुम्ही बाईला 'तू गरीब आहेस का?' विचारता, त्या क्षणी ती नागरिक राहत नाही, याचक होते. मंत्रिमंडळ त्यांच्यामागं उभं राहिलं नाही. पंतप्रधान कॉस्टेलो यांनी संसदेत सांगितलं की एक कॅथलिक म्हणून आपण चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकतो आणि पुढंही ऐकत राहू. एप्रिल १९५१मध्ये ब्राउननी राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापायला देऊन टाकला. लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांच्या कायद्यांचे मसुदे आर्चबिशपांच्या वाड्यावर जाऊन येतात. ब्राउन हट्टी होते, सहकाऱ्यांशी त्यांचं पटत नसे, हेही खरं. पण मुद्दा त्यांच्या स्वभावाचा नाही. दान जेव्हा स्वतःहून म्हणतं की 'सगळ्यांना हक्क देऊ नका, गरिबांना मी बघते', तेव्हा ते कोणाची सोय बघत असतं? गरीब नसतील तर दाता कशाला लागेल? आणि गंमत अशी की त्या वेळच्या सरकारलाही हे सोयीचंच होतं. स्वस्तात पडत होतं. चर्चनं राज्यावर कुरघोडी केली असं हे प्रकरण सांगण्याची पद्धत आहे. मला त्यात राज्याचा सुटकेचा निःश्वासही ऐकू येतो.

तो निःश्वास कुठं घेऊन गेला ते ट्यूअममध्ये दिसतं. गॉलवे परगण्यातल्या या गावी १९२५ ते १९६१ अविवाहित मातांचं वसतिगृह होतं. चालवत होत्या बॉन सेकूर संघाच्या धर्मभगिनी. तिथं वारलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक करून जमवल्या. मुलांना पुरल्याच्या नोंदी मात्र सापडेनात, आणि पुढं खोदकामात सांडपाण्याच्या जुन्या बांधकामातल्या खणांत मानवी अवशेष मिळाले. जगभर बातमी झाली ती 'ननच्या क्रौर्याची'. पण ती इमारत कोणाची होती? परगणा परिषदेची. त्याआधी तिथं काय होतं? वर्कहाउस. मातांचा आणि मुलांचा खर्च कोण देत होतं? परिषदच. २०२१च्या चौकशी अहवालानुसार अशा १८ संस्थांत सुमारे ९,००० मुलं दगावली. उतारा सरकारी, पैसा सरकारी, किल्ली धर्मभगिनींच्या कमरेला, आणि त्या बायांना पोटच्या पोराचं काय झालं हे विचारायला जागाच नाही. 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या स्त्रियांना कोंडून राबवणाऱ्या मॅग्डलिन धोबीखान्यांतही तेच; २०१३च्या अहवालात दिसलं की ज्यांच्या येण्याची वाट माहीत आहे त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांना तिथं पोचवण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता. एल्म पार्कच्या जमिनीचे जुने मालक असलेल्या संघानंही असे धोबीखाने चालवले होते, आणि त्या स्त्रियांच्या भरपाईत पैसे घालायला इतर संघांसह नकार दिला होता. २०१७मधला संताप हवेतून आला नव्हता.

आणि तरीही सविता हलप्पनवार. बेळगावची ही ३१ वर्षांची दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात वारली. सतरा आठवड्यांचा गर्भ पडत होता, वाचणार नव्हता, पण हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुदोषानं ती दगावली. बेळगावात त्या दिवाळीत तिच्या आईवडिलांच्या घरी काय झालं असेल ते मराठी-कानडी दोन्ही घरांना कळलं. हा कॅथलिक देश आहे, हे वाक्य आपण तिला म्हटल्याचं तिथल्या एका सुईणीनं चौकशीत कबूल केलं. पण ते रुग्णालय कोणत्याही धर्मसंघाचं नव्हतं, सरकारी होतं. तिथं नन नव्हत्या, नन हाकलून सविता वाचली नसती. गर्भाच्या जगण्याचा हक्क आईच्या हक्काइतकाच मानणारं घटनेतलं कलम तिच्या खाटेशी उभं होतं, आणि ते बदलायला मे २०१८मध्ये सार्वमत घ्यावं लागलं; मत देणाऱ्यांतल्या ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूनं कौल दिला. 'धर्म बाहेर काढा' इतकंच म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो. त्यांना आवडत नाही.

मग एक सावध प्रश्न येतो, आणि तो विचारणारे मूर्ख नसतात. मालकी सरकारची केली आणि सरकारच नालायक निघालं तर? डब्लिनच्या नव्या बालरुग्णालयाचा खर्च ६५ कोटी युरोंवरून दोन अब्जांच्या पार गेला, ते काम सरकारीच. उलट स्वायत्त रुग्णालयांनी विद्या दिली: एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या मीथ रुग्णालयात डॉ. ग्रेव्ह्ज आणि डॉ. स्टोक्स रोग्याच्या खाटेशी विद्यार्थी उभे करून शिकवत, तेव्हा सरकारी इस्पितळं म्हणजे मरणाच्या कोठड्या होत्या. २०१९च्या एका सरकारी आढाव्यानुसार आजही मोठ्या रुग्णालयांतली सुमारे पाव सेवा आणि अपंगांसाठीची दोन तृतीयांश सेवा अशाच संस्था देतात. उद्या त्या दार बंद करून बसल्या तर देश लंगडेल. सगळं खरं. यातून संस्थांना काम करू द्यावं, डॉक्टरांच्या कामात मंत्र्यानं नाक खुपसू नये, हे निघतं. जमिनीवर त्यांचं नाव असावं, हे मात्र कुठून निघतं? स्वायत्तता कारभाराची असते, मालकीची कशाला लागते? शिवाय खासगी धर्मादाय म्हणजे चोख हिशेब, हाही भ्रम २०१३मध्ये फुटला. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका नामवंत संस्थेत लोकांनी मुलांसाठी दिलेल्या पैशातून वरिष्ठांचे पगार फुगवले जात होते. एका प्रमुखाला निवृत्तीच्या वेळी सात लाख युरोंहून अधिक रक्कम मिळाल्याचं संसदेच्या समितीपुढं आलं. बालरुग्णालयाचा खर्च फुगला तेव्हा मंत्र्याला संसदेत उभं राहून शिव्या खाव्या लागल्या. या दुसऱ्या प्रकारात शिव्या कोणाला द्यायच्या हे कळायलाच कित्येक वर्षं गेली. दोन्हीकडे नालायकी आहे असं धरलं, तरी निदान एकीकडे माणूस बदलता येतो.

म्हणून २९९ वर्षांचा तो भाडेपट्टा मला खटकतो, आणि तो ननमुळे नव्हे. त्या तर गेल्या. जाताना ही मालमत्ता आयर्लंडच्या जनतेला भेट देत आहोत असंही म्हणून गेल्या. जनतेला भेट दिली, तर उताऱ्यावर जनतेचं नाव का नाही? मधे कंपनी कशासाठी? करारात 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य' ते सर्व उपचार इथं मिळतील असे शब्द घातले, त्यावर आठवडेच्या आठवडे काथ्याकूट झाला: योग्य कोण ठरवणार? वकिलांनी खात्री दिली, डॉक्टरांनी दिली, मंत्र्यांनी दिली. असेलही सगळं नीट. पण गरोदर बाईचा हक्क जपायला एवढ्या खात्र्या लागत असतील तर तो अजून हक्क झालेला नाही. लाल तिकीट आता कायदेशीर भाषेत टाइप करून दिलंय, एवढंच.

ग्रिझेल स्टीव्हन्स बाईंची एक दंतकथा डब्लिनमध्ये दीर्घकाळ सांगितली जायची. त्या डोळ्यांच्या त्रासामुळं चेहऱ्यावर बुरखा घेऊन दानधर्म करत फिरायच्या. लोकांनी कुजबूज सुरू केली की बाईचं तोंड डुकराचं आहे. आपल्याला देणारीचा चेहरा दिसत नाही, हे शहराला सहन झालं नसावं. असं सांगतात की कंटाळून त्या आपण बांधलेल्या रुग्णालयातल्या आपल्या खोलीच्या खिडकीत उघड्या तोंडानं बसायला लागल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यानं खुशाल बघावं म्हणून. ते रुग्णालय १९८७मध्ये बंद झालं. इमारत उभी आहे, ह्यूस्टन स्टेशनसमोर, आणि तिच्यात आता आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं मुख्य कार्यालय आहे. एल्म पार्कच्या भाड्याचे वर्षाचे दहा युरो बहुधा इथल्याच कुठल्यातरी टेबलावरून मंजूर होतील. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या खिडक्यांत आज कोण बसलंय हे दिसत नाही, पण त्याला आत जाऊन विचारता येतं.